रश्श्यानंतरचा सिगार, तोही बेताच्या पैशात

तांबडा रस्सा वाटीवर वाटी ओरपून उठलेल्या माणसाच्या हातात महागडा सिगार देऊ नये. जिभेला मिरची झोंबलेली, नाकातून पाणी, कपाळावर घाम. देवदार, कॉफी, कोको असलं जे काय दुकानदार सांगतो, त्यातलं त्याला काहीएक लागायचं नाही. आणि जो माणूस वर्षातून एखाद्या वेळी, कुणाच्या लग्नात नाहीतर कंपनीच्या पार्टीत ओढतो, त्याला रस्सा न पिताही लागत नाही. म्हणून पाहुण्यांसाठी घेताना मी चवीच्या मागं धावत नाही. सौम्य आहे का, छोटा आहे का आणि ओढायला मोकळा आहे का, एवढंच बघतो.

माझं कोल्हापुरात उद्यमनगरात मशीन शॉप आहे. पुण्याचे, कोइमतूरचे गिऱ्हाईक येतात, दिवाळीनंतर सोयरेधायरे येतात, आणि मटणाचं जेवण झालं की मंडळी गच्चीवर बसतात. त्यातले बहुतेक रोजचे ओढणारे नव्हेत. ‘आज एक होऊन जाऊ दे’ एवढीच हौस. ती हौस एका पाहुण्यामागं दोन-तीनशे रुपयांत भागली पाहिजे, असा माझा हिशेब. त्याच्या वर गेलं की पाहुणा अर्ध्यात विझवतो तेव्हा आपलं लक्ष गप्पांतून उडून ॲशट्रेवर जातं.

आधी मापाचं बोलू, कारण ते माझ्या धंद्यातलं आहे. सिगारची जाडी ‘रिंग’मध्ये सांगतात. एक रिंग म्हणजे इंचाचा 64 वा भाग. म्हणजे 50 रिंगचा सिगार व्यासाला 50 भागिले 64 इंच, पावणेवीस मिलिमीटरच्या जरा वर. 42 रिंगचा साधारण 16.7. मी व्हर्नियर लावून बघितलंय, हातानं वळलेल्यात थोडा फरक पडतो. आमच्या जॉबला असली टॉलरन्स दिली तर गिऱ्हाईक माल परत पाठवेल. पाच इंच लांब आणि 50 रिंगचा जो ‘रोबुस्टो’ दुकानात सगळ्यात पुढं मांडलेला असतो, तो संपायला पाऊण तास ते तास लागतो. नवख्या माणसाला तेवढा वेळ झेपत नाही. त्याला ‘पेटिट कोरोना’ म्हणतात तसला, चार-साडेचार इंची, चाळीसच्या आसपास रिंगचा द्या. अर्ध्या तासात आटोपतो. नाहीतर सरळ सिगारिलो, पेन्सिलीएवढ्या जाडीचा, दहा-पंधरा मिनिटांचा. पाहुण्याला तो लहान वाटेल, ‘हे काय बारकं’ असंही म्हणेल. म्हणू दे. पुरला नाही तर दुसरा आहेच. मोठा मात्र अर्धा परत घेता येत नाही.

रंगावर जाऊ नका. काळपट सिगार कडक आणि फिकट सिगार सौम्य, असं सगळेच धरून चालतात. वरचं पान, म्हणजे रॅपर, काळं होतं ते बहुतेक वेळा जास्त आंबवल्यामुळं, आणि ते उलट थोडं गोडसर लागतं. कडकपणा मुख्यतः आतल्या भरणीत असतो. तंबाखूच्या झाडाच्या शेंड्याकडच्या पानांना ऊन जास्त मिळतं, ती जाड आणि जहाल होतात; त्यांना लिगेरो म्हणतात. खालची पानं हलकी. भरणीत लिगेरो किती घातलंय ते डब्यावर लिहिलेलं नसतं, पण देशावरून अंदाज बांधता येतो. निकाराग्वाचे सिगार बरेचसे तिखट, डोमिनिकन रिपब्लिकचे बरेचसे नरम. अपवाद दोन्हीकडं आहेत. तरी दुकानात उभं राहून पटकन ठरवायचं असेल तर ‘डोमिनिकन भरणी, कनेक्टिकट शेड रॅपर’ हे शब्द शोधा. कनेक्टिकट शेड म्हणजे कापडाच्या मांडवाखाली सावलीत वाढवलेलं पातळ, फिकट पान. नवख्यासाठी यापेक्षा सुरक्षित जोडी मला तरी सापडलेली नाही.

आता हातानं वळलेला की मशीनचा? गावभर सगळे सांगतील, हातानंच वळलेला घ्या. अख्ख्या पानांची भरणी असते, राख लांब टिकते, तोंडात कण येत नाहीत, सगळं खरं. पण असा सिगार ओलाव्यात सांभाळावा लागतो, आणि ज्या दुकानात सिगरेटी, चॉकलेटं आणि मोबाईलचे चार्जर एकाच कपाटात आहेत, तिथं तो कुणी सांभाळलेला नसतो. बोटांच्या चिमटीत हलकेच दाबून बघा. थोडा दबून परत वर आला पाहिजे. करकर वाजला तर वाळला. पेटवल्यावर रॅपर उकलेल आणि धूर तिखट लागेल. असा वाळका हातवळणीचा घेण्यापेक्षा युरोपातले मशीनचे कोरडे सिगार बरे. स्वित्झर्लंडची व्हिलिगर कंपनी 1888 पासून यातच आहे. हे बनवतानाच कोरडे असतात, पत्र्याच्या नाहीतर पुठ्ठ्याच्या डबीत महिनोन्‌महिने राहतात, ह्युमिडॉर, म्हणजे ओलावा राखणारी खास पेटी, लागत नाही. भरणी बारीक तुकड्यांची, त्यामुळं भराभर जळतात आणि शेवटाला गरम होतात. जाणकार नाक मुरडतो. गच्चीवर जाणकार किती असतात?

कोरडा म्हणून इटलीचा तोस्कानो मात्र नवख्याला देऊ नका. तोही ह्युमिडॉरशिवाय राहतो, अर्धा कापून ओढायची पद्धत आहे, दिसायला काटकुळा आणि मजेशीर. पण त्याचं पान लाकडाच्या धुरावर वाळवलेलं असतं आणि तो चांगलाच जहाल असतो. एका झुरक्यात पाहुण्याचा ‘जाळ आणि धूर संगटच’.

व्हॅनिला, चेरी वासाच्या सिगारिलोंबद्दल माझं मत फार चांगलं नाही, पण एक डबी ठेवतो. कधीच न ओढलेल्यांना त्याच आवडतात, आणि पाहुणचार आपल्या मतावर चालत नाही. फक्त ही डबी बाकीच्यांपासून लांब ठेवा. तिचा वास सगळ्यांना लागतो.

निपाणी 40 किलोमीटरवर असताना हे परदेशी खूळ कशाला, असा प्रश्न दरवेळी कुणीतरी विचारतोच. विचारणारा बहुधा कागल-गडहिंग्लज बाजूचा असतो आणि त्याच्या वडिलांनी तंबाखू लावलेला असतो. मग 1981 चं आंदोलन निघतं, भावासाठी शेतकऱ्यांनी हायवेवर ठिय्या मारला होता तो, आणि अर्धा तास सिगार बाजूला राहतो. उत्तर सोपं आहे. निपाणी भागातला तंबाखू विडीचा. तो उन्हात वाळवून त्याचा चुरा करतात, टेंभुर्णीच्या पानात भरतात. सिगारला अख्खं, लवचीक, न फाटणारं पान लागतं, आणि ते गंजी लावून महिनोन्‌महिने आंबवावं लागतं. दोन्ही धंदे वेगळे.

देशी हवाच असेल तर तमिळनाडूचा चिरूट आहे. तिरुचिरापल्ली आणि दिंडीगुलचे चिरूट इंग्रजांच्या काळात थेट विलायतेला जायचे. दोन्ही टोकं उघडी असतात, त्यामुळं कापायची भानगड नाही, आणि किंमत परदेशी सिगारच्या पासंगालाही लागत नाही. आमचे कोइमतूरचे एक गिऱ्हाईक येताना आणतात. विडी-सिगरेटची सवय असलेल्याला तो मानवतो. न ओढणाऱ्याला देत नाही.

‘खास क्युबन आहे, तुमच्यासाठी हजारात’ असं कुणी सांगितलं तर हात जोडा. क्युबन स्वस्त नसतो. स्वस्त असला तर क्युबन नसतो. काचेच्या झाकणाची कोहिबा या क्युबन ब्रँडची पेटी दिसली की ती नकली, एवढं पक्कं धरा, कारण कंपनी तसली पेटी काढतच नाही. शिवाय आपल्याकडं विकायच्या कुठल्याही डबीवर चित्रासकट मोठा इशारा छापलेला असावाच लागतो. तो नसेल तर माल चोरवाटेनं आलाय, आणि वाटेत कुठल्या गोदामात किती उन्हाळे काढलेत देव जाणे. दुबईहून भाचा येणार असेल तर त्याला सांगणं परवडतं. माणशी 25 सिगारपर्यंत कस्टमची सवलत आहे. त्याला ‘बंडल’ आणायला सांगा. पेटी नाही, थाटमाट नाही, सेलोफेनमध्ये बांधलेले हातवळणीचे वीस-पंचवीस सिगार. पेटीचे पैसे वाचतात.

हे बंडल घरी आलं की कोल्हापूरची हवा आडवी येते. आषाढ-श्रावणात इथं चामड्याच्या चपलेला बुरशी धरते, सिगारला का धरणार नाही? आणि एप्रिलमध्ये तोच सिगार वाळून खडखडतो. उपाय स्वस्त आहे. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात 65 किंवा 69 टक्क्यांचं ओलावा राखणारं पाकीट. ते ओलावा देतंही आणि जास्त झाला तर शोषतंही. डबा खालच्या मजल्यावर, भिंतीतल्या कपाटात, अंधारात. फ्रीजमध्ये अजिबात नको. तिथं सिगार वाळतो आणि मटणाचा वास पितो. कनेक्टिकट रॅपरवर लसूण-खोबऱ्याचं वाटण कुणालाच नको असतं.

द्यायच्या वेळी यजमानानं स्वतः कापून, पेटवून द्यावा. पाहुण्याच्या हातात कटर दिला की तो टोपीसकट, म्हणजे तोंडात धरायच्या बंद टोकावर चिकटवलेल्या पानासकट, अर्धा इंच उडवतो आणि सगळा सिगार उलगडतो. डोक्याकडची टोपी जिथं वळायला लागते तिथं दोनच मिलिमीटर कापा. कापल्यावर न पेटवता एकदा ओढून बघा. हवा मोकळी आली पाहिजे. पेटवायला गॅसचा लायटर किंवा लांब काडी. पेट्रोलच्या लायटरचा आणि मेणबत्तीचा वास सिगारमध्ये उतरतो. ज्योत टेकवू नका, जरा खाली धरून कडा गोलगोल फिरवत शेकवा, मग ओढा. गच्चीवर वारा असेल तर भिंतीच्या आडोशाला बसा. वाऱ्यात एक बाजू पुढं पळते.

पाहुण्याला सूचना एकच द्यायची, पण स्पष्ट द्यायची. आमचे दाजी पूर्वीचे सिगरेटवाले. त्यांनी पहिलाच झुरका छातीत भरला आणि डोळे पांढरे केले. “दाजी, गिळायचा न्हाई धूर. चूळ भरल्यागत तोंडात घ्या आन् सोडून द्या.” “मग मजा काय?” “मजा तोंडात हाय. मिनिटाला एकच झुरका. घाई केली की त्यो तापतोय आन् तुम्ही बी.” दाजींनी दुसरा झुरका नीट घेतला आणि मग तासभर आम्हालाच शिकवत बसले.

उपाशीपोटी कुणाला देऊ नका. आपल्याकडं ही अडचण येत नाही म्हणा. आपण जेवल्याशिवाय सोडत कुठं? तरी कुणाला गरगरलं, हातपाय गार पडले, मळमळलं, तर ते निकोटिन चढलेलं असतं. सिगार बाजूला, पाणी, आणि गुळाचा मोठा खडा. साखरेनं बरं वाटतं, आणि गूळ आपल्या घरात नाही असं होत नाही. मी ताटलीत आधीच फोडून ठेवतो. तिखटानंतर, धुराबरोबर, तसाही नाद खुळा लागतो. पहिल्यांदा ओढणाऱ्याला व्हिस्कीची जोड मात्र देऊ नका. काळा चहा द्या.

आग्रह फक्त रश्श्याचा करावा. सिगार ताटलीत ठेवावेत आणि गप्प बसावं. मोठ्या सिगारात कधी कधी सिगरेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असतो, आणि धूर गिळला नाही तरी तोंड आणि घसा त्याची किंमत मोजतातच. हृदयाचं दुखणं असलेल्याला, घरात गरोदर बाई किंवा तान्हं मूल असेल तिथं, हा कार्यक्रम काढूच नका. अठराच्या आतल्या पोरांना तर गच्चीवर बसवूही नका. आणि मंडळी रंगात येऊन ‘चला, रंकाळ्यावर जाऊ’ म्हणाली तर सिगार घरी ठेवून जा. सार्वजनिक ठिकाणी ओढला तर 200 रुपयांपर्यंत दंड आहे.

शेवटचा तिसरा भाग कडवट होतो. पाहुण्यानं तिथं सोडला तर ‘अहो, अजून आहे की’ म्हणू नका. सिगार चुरगळून विझवायचा नसतो, ट्रेमध्ये आडवा ठेवला की आपला आपण विझतो. चुरगळला की वास सुटतो तो सकाळपर्यंत जात नाही, आणि सकाळी त्याबद्दल कोण बोलणार हे प्रत्येक घरात ठरलेलं असतं. थंड झालेली थोटकं रात्रीच पाण्यात भिजवून बाहेरच्या कचऱ्यात टाका. अर्धवट ओढलेला कुणी ‘उद्यासाठी’ जपून ठेवायला लागला तर ठेवू देऊ नका. त्याला निघताना नवा एक द्या, सेलोफेनसकट.