इन्व्हेंटर या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये जाडीला कुलूप कसं लावायचं
कुपवाड एमआयडीसीत ड्रॉइंग करताना एका पोराने ब्रॅकेटची जाडी ९ एमएम टाकली, आणि रॅकवर प्लेटा फक्त ६, ८, १० न् १२ च्या, मग काय, बसा बोंबलत. तेव्हापासून मी ठराविक जाड्याच निवडता येतील अशी सेटिंग आधीच करून ठेवतो.

मॅनेज टॅबमध्ये पॅरामीटर्स उघडायचं, नवीन युजर पॅरामीटर, म्हणजे आपण नाव दिलेलं माप, घ्यायचा, नाव प्लेट_जाडी असं काहीतरी द्या पण नावात स्पेस नको, चालत नाही. मग त्या ओळीवर राईट क्लिक करून मेक मल्टी-व्हॅल्यू. जी खिडकी उघडते तिच्यात एका ओळीत एकच आकडा, ६ एमएम, खाली ८ एमएम, असं टाकून अ‍ॅड दाबा.

आता खरी गोम, अलाऊ कस्टम व्हॅल्यूजची टिक काढलेली आहे का ते बघा, ती राहिली तर लिस्ट नुसती शोभेला, कोणीपण ९ टाकणार. मग स्केचमधल्या किंवा एक्सट्रूडच्या (स्केचला जाडी देणाऱ्या कमांडच्या) डायमेन्शनमध्ये आकड्याऐवजी तेच नाव टाईप करा. पॅरामीटर्समधल्या ड्रॉपडाऊनमधून १० निवडलं आणि मॉडेल हललंच नाही तर घाबरू नका, अपडेट दाबायचं राहिलं असेल.