नवरंग बघायचा तर आधी कान लावा

आमचं गाव नागझिऱ्याच्या जंगलाला लागून. तेंदूपत्त्याची तोडणी संपली, मिरगाची चाहूल लागली की नवरंग पक्षी येतो. हिवाळा दक्षिणेत नि श्रीलंकेत काढून तो विणीला आपल्याकडे येतो.

रंग शोधत निघाल तर दिसायचा नाही. बांबूच्या सावलीत तो पाचोळ्यात पार हरवून जातो. पहाटे किंवा दिवस बुडताना नाल्याकाठी गप्प बसा. दोन सुरांची स्वच्छ शीळ येईल, 'व्हीट्-ट्यू'. तमिळमध्ये तर त्याचं नावच सहा वाजताचा पक्षी, आरुमणी कुरुवी. शीळ घालताना तो मान मागे टाकून चोच वर करतो.

आता नजर जमिनीवर. साळुंकीहून लहान, 19 सेंटिमीटरचा, आखूड शेपटीचा पक्षी पाचोळा उलटत टुणटुण उड्या मारतो आणि थांबला की शेपटी हळूच वरखाली करतो. डोळ्यावरून जाड काळा पट्टा, गळा पांढरा, पाठ हिरवी, पंखावर चमकदार निळा ठिपका, छाती फिकट बदामी. शेपटीखालचा लालभडक रंग दिसला की शंकाच नको. नर-मादी सारखेच दिसतात. तारेवर बसलेला निळा पक्षी बहुधा नीळकंठ असतो. नवरंग झाडोरा सोडून उघड्यावर क्वचितच येतो.

एक विनंती: मोबाईलवर त्याची शीळ वाजवून त्याला बोलावू नका. विणीच्या दिवसांत त्याचा गवतकाड्यांचा गोल खोपा जमिनीवर किंवा अगदी खालच्या फांदीवर असतो. पाय जपून टाका.