शंभर पानांच्या पंगतीचा शिधा

सत्यनारायणाच्या पूजेला शंभर पाने मांडायची असतील, तर किराणा भरण्यापूर्वी घरटी माणसे मोजावीत आणि त्यांत मुंबईहून येणारे चाकरमानीही धरावेत, कारण हिशेब चुकतो तो नेमका तिथेच. कोकणात पंगतीचा सगळा भार भातावर असतो. म्हणून माणशी १०० ग्रॅमप्रमाणे १० किलो तांदूळ घेऊन वर २ किलो राखून ठेवावेत. काळे वाटाणे ५ किलो पुरतात, कारण रात्रभर भिजून ते दुपटीच्या घरात जातात. डाळ ३ किलो. खरी काळजी नारळाची: सोलकढीला २० ते २५ आणि उसळीच्या वाटपाला, म्हणजे वाटलेल्या खोबऱ्याला, आणखी १०, तेही प्रत्येक नारळ कानाशी हलवून, आत पाणी वाजते आहे याची खात्री करूनच घ्यावेत, एक खवट नारळ सगळे वाटप नासवतो. राखलेले तांदूळ शेवटच्या पंगतीची पाने मोजूनच चुलीवर चढवावेत.