विंडोजच्या स्वयंचलित स्थापनेत इन्स्टॉलर फाइल्स कोठे ठेवाव्यात: माझा अनुभव

जळगावातील एका संगणक कक्षात विंडोज १० आन्सर फाइलच्या (सेटअपच्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवलेल्या फाइलच्या) साहाय्याने आपोआप बसत असे. परंतु त्यामागोमाग बसायला हवे असलेले सेव्हन-झिप आणि लिब्रेऑफिस हे प्रोग्राम काही संगणकांवर येत, काहींवर येत नसत. आज्ञेत पेनड्राइव्हचे अक्षर ‘ई’ असे ठरवून दिलेले होते आणि कार्ड रीडर असलेल्या संगणकांवर तेच ‘एफ’ होत होते, हे त्याचे कारण.

पेनड्राइव्हवरील ‘सोर्सेस’ फोल्डरात ‘$ओईएम$’ आणि त्याच्या आत ‘$१’ असे फोल्डर करून सर्व इन्स्टॉलर एका उपफोल्डरात तेथे ठेवले. ‘$१’मधील सर्व काही सेटअप स्वतःच सी ड्राइव्हवर उतरवतो, त्यामुळे अक्षराचा प्रश्नच उरत नाही. स्थापना संपल्यावर, लॉगिन स्क्रीन येण्यापूर्वी, विंडोजच्या ‘सेटअप’मधील ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरातली ‘सेटअपकम्प्लीट’ ही कमांड फाइल (आज्ञांची यादी असलेली फाइल) सिस्टिम खात्यातून, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या पूर्ण अधिकारांच्या खात्यातून, चालते. तिच्यात एमएसआय (विंडोजच्या इन्स्टॉलर फाइलचा एक प्रकार) फाइल्ससाठी ‘/क्यूएन’ (काहीही न विचारता बसवा) आणि ‘/नोरीस्टार्ट’ (संगणक पुन्हा सुरू करू नका) लिहिले, म्हणजे कोणी ‘नेक्स्ट’ दाबत बसायला नको (मे महिन्यात त्या कक्षात बसणे ही शिक्षाच). ओईएम प्रॉडक्ट की (संगणक उत्पादकाकडून संगणकासोबत येणारी विंडोजची परवाना की) असलेल्या होम व प्रो आवृत्त्यांवर मात्र ही फाइल चालत नाही. तेथे त्याच आज्ञा आन्सर फाइलच्या ‘फर्स्टलॉगऑनकमांड्स’ (पहिल्या लॉगिनच्या वेळी चालणाऱ्या आज्ञा) विभागात टाकाव्या लागल्या. दोन्हीकडे शेवटची आज्ञा सी ड्राइव्हवरील ते उपफोल्डर पुसून टाकण्याची आहे.