दारूमुक्तीच्या सभेला जाण्यापूर्वी एक फोन
दारू सोडू पाहणारे जिथे एकमेकांना आधार देतात, त्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा बऱ्याचदा शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या सभागृहात भरतात आणि बाहेर ठळक पाटी असेलच असे नाही, त्यामुळे जुन्या पत्त्यावर गेलेला नवखा माणूस दारातूनच परत फिरतो. म्हणून संस्थेच्या संकेतस्थळावरून आपल्या शहराच्या मदतवाहिनीचा क्रमांक घ्यावा आणि सभेचा वार, वेळ व भाषा विचारावी, तसेच ती नातेवाइकांनाही बसता येईल अशी खुली सभा आहे की बंद, हेही विचारावे. दाराशी कोणी भेटेल का, हे विचारण्यात संकोच नसावा. सभेला शुल्क नसते. क्रमांक न सापडल्यास १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीवर चौकशी करावी. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दारू एकाएकी बंद करू नये. तसे केल्यास झटके (आकडी) येऊ शकतात.