कॅरोल राऊंड निघायच्या आधी युथ लीडरनी ठरवून ठेवायच्या गोष्टी

डिसेंबरात चर्चच्या नाताळ-गाण्यांच्या कॅरोल राऊंड रात्री बारा-साडेबारापर्यंत चालतात, घरोघरी गाणी, केक, चहा, आणि शेवटी चार-पाच पोरं उरतात ज्यांना घरी कोण सोडणार हे कुणी ठरवलेलंच नसतं, मग कोणीतरी दादा म्हणतो चल बस गाडीवर. दादा चांगलाच असेल हो, पण नियम माणूस बघून करायचा नसतो, पाळक (पास्टर) साहेबांनाही तोच लागू.

तर नोव्हेंबरातच वही करा. पोराचं नाव, पालकांचा नंबर, कोण सोडणार. 18 च्या आतलं पोर एकट्या मोठ्या माणसासोबत नको, दोघं पाहिजेत, मुली असतील तर त्यात एक ताई. कुणासाठी वेगळी प्रार्थना करायचीय? हॉलच्या कोपऱ्यात करा, सगळ्यांना दिसेल तिथं, दार लावून नको. लहान पोरांना रात्री पर्सनल मेसेज नको, जे काय असेल ते पालक असलेल्या ग्रुपवर. आणि नवीन पोरगा गिटार भारी वाजवतो म्हणून लगेच त्याच्याकडे संडे स्कूल देऊ नका, त्याच्या आधीच्या मंडळीत (चर्चमध्ये) फोन करून विचारा, हे आपण लाजेपोटी करत नाही.

आता अवघड भाग. एखाद्या पोराने आपल्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं तर शांतपणे ऐका, "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका कारण ते पाळता येणार नाही, खोदून खोदून विचारू नका, त्याचेच शब्द तारीख-वेळेसकट लिहून ठेवा. मग पोलीस. 2012 च्या पोक्सो कायद्याच्या (18 च्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) कलम 19 प्रमाणे माहिती कळवणं बंधनकारक आहे, नाही कळवलं तर कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं झाकलं तर एक वर्षापर्यंत. म्हणजे पाळक साहेबांच्या कानावर घातलं की आपलं काम संपलं असं होत नाही. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर पण फोन करता येतो. चांगल्या हेतूने कळवलं तर तुमच्यावर केस होत नाही. जबाबासाठी पोराला ठाण्यात जावं लागत नाही, घरी येऊन घेतात, शक्यतो महिला अधिकारी, तेही युनिफॉर्म न घालता, हे आईबापाला आधीच सांगा, अर्धी भीती तिथंच जाते.

दोन्ही घरांना बोलवून "क्षमा करा, मंडळीची बदनामी नको" ही मीटिंग तर अजिबात घेऊ नका. क्षमा ज्याची त्याने करायची, कमिटीने ठराव करून नाही. प्रार्थना विनंती म्हणून ग्रुपवर नावही टाकू नका.

क्वायरमध्ये पंचवीस वर्षांची पण समज लहान मुलाएवढी असलेली एखादी ताई असेल तर लक्षात ठेवा, पोक्सोत जन्मतारखेचंच वय धरतात, सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये तसंच सांगितलंय. तिच्यासाठी 112 हा तातडीच्या मदतीचा नंबर आणि पोलीस, शिवाय 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 7 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. बाकी दोघांचा नियम वगैरे तिलाही तसाच, फक्त हात धरून उठवायच्या आधी तिलाच विचारा.

गाण्यांच्या झेरॉक्स नाहीतरी काढतोच आपण, शेवटच्या पानावर 1098 आणि 112 मोठ्या अक्षरात टाका.