ड्युटीवर सेंट, गजरा, सुगंधी पावडर: सिस्टर, या चुका टाळा

कोल्हापुरात केमोच्या, म्हणजे कॅन्सरवरच्या औषधोपचाराच्या, वॉर्डात माझी ड्युटी होती तेव्हा मी रोज मोगऱ्याचा सेंट लावून जायचे. थोडासाच, मनगटाला आणि मानेला. एक काकू सलाईन लावून घेताना नेहमी तोंड भिंतीकडे करायच्या. सुईची भीती वाटत असेल, असं मला वाटायचं. उपचार संपल्यावर पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं, "राग मानू नका सिस्टर, पण तुम्ही जवळ आलासा की पोटात ढवळायचं. आता महाद्वार रोडवर गजरेवाली बसलेली दिसली तरी मळमळतंय."

केमोच्या मळमळीशी एखादा वास एकदा जोडला गेला की औषध थांबल्यावरही तो वास मळमळ घेऊन येतो. अंबाबाईच्या दर्शनाला जाताना केसात मोगरा माळणाऱ्या त्या काकूंचं आवडतं फूल माझ्यामुळे सुटलं. त्या दिवसापासून मी कामावर कुठलाही सुगंध लावत नाही. नव्या मुलींच्या हातून याच चुका होताना दिसतात, म्हणून लिहिते आहे.

मला येत नाही म्हणजे कुणालाच येत नाही, असं समजणं

सेंट मारल्यावर काही मिनिटांत आपलं नाक त्या वासाला सरावतं. मग आपल्याला वाटतं, उडून गेला. केएमटीच्या बसमधून उतरून वॉर्डात येईपर्यंत आपण विसरलेलो असतो, पण ज्याच्यावर वाकून आपण आयव्ही (शिरेतली सुई) लावतो त्याला तो पूर्ण येतो. बसमध्ये शेजारचा माणूस जागा बदलू शकतो. एका हाताला सलाईन आणि खाली कॅथेटर (लघवीची नळी) असलेल्या पेशंटनं कुठं जायचं? दम्याच्या पेशंटला उग्र वासानं धाप लागू शकते, अर्धशिशीवाल्याचं डोकं ठणकायला लागतं, आणि गरोदरपणात उलट्या थांबत नाहीत म्हणून भरती झालेल्या बाईला साधा साबणाचा वासही सोसत नाही. यातले बहुतेक जण तोंडानं काही बोलत नाहीत. सिस्टरला दुखवायला आपली माणसं घाबरतात. पेशंट मान वळवतो, पदर नाकाला लावतो, खिडकी उघडायला सांगतो. हे दिसलं की आधी स्वतःचा वास तपासा. सहकारी सांगेल, पण ती नुकती बाहेरून आलेली हवी. तासभर तुमच्यासोबत बसलेलीला तो येणार नाही.

स्वतःच्या नाकावर पडदा टाकणं

याबद्दल फार कमी बोललं जातं, आणि मला हीच चूक सगळ्यात मोठी वाटते. बीपी मशीन आणि थर्मामीटरइतकंच सिस्टरचं नाक कामाचं असतं. साखर बेसुमार वाढून कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साचणं) झालेल्या पेशंटच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. पोटात वर कुठंतरी रक्तस्राव होत असेल तर शौच डांबरासारखं काळं आणि चिकट होतं, आणि त्याचा वास ज्यानं एकदा घेतला तो पुन्हा चुकत नाही. स्यूडोमोनास नावाच्या जंतूचा संसर्ग झालेल्या जखमेला हिरवट पू असतो आणि गोडसर वास येतो. ऑक्सिजनविना वाढणारे जंतू असतील तर ड्रेसिंग सोडायच्या आधीच दुर्गंधी येते. हे वास काही वेळा रिपोर्टच्या आधी कळतात. अंगावर गोड सेंट असेल तर जखमेचा गोडसर वास त्यात मिसळून जातो, आणि ड्युटीच्या ज्या पाळीत तो कळायला हवा ती निघून जाते.

वॉर्डात रूम फ्रेशनर मारणं हीसुद्धा तीच चूक. वास कुठून येतोय ते शोधायचं: बेडपॅन, भिजलेलं ड्रेसिंग, गादीखालची चादर. ते काढायचं आणि खिडकी उघडायची.

पावसाळ्यातला कुबट वास सेंटनं दाबणं

खरं सांगायचं तर आपल्यापैकी पुष्कळजणी हौसेसाठी सेंट लावतच नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात दिवसेंदिवस ऊन पडत नाही, युनिफॉर्म दमट राहतो आणि वास लपवायला स्प्रे मारावा लागतो. कापड फार वेळ ओलं राहिलं की त्यात जंतू वाढतात आणि तो वास धरतो. म्हणून युनिफॉर्म रात्रभर बादलीत भिजत ठेवू नका. घरी आल्याबरोबर धुवा, मशीन असेल तर दोनदा पिळून काढा, हँगरला अंतर ठेवून पंख्याखाली टांगा आणि कापड कोरडं होईपर्यंत कडक इस्त्री करा. पावसाळ्यापुरता एखादा जोड जास्त शिवून घेतला तर फार सोपं जातं.

कपड्यांचं सुगंधी कंडिशनर मात्र नको. काहींमध्ये सुगंधाचे बारीक कण असतात, कापड घासलं की ते फुटतात आणि पूर्ण पाळीभर दरवळत राहतात. एकवेळ सेंट परवडला, असं ते असतं.

घामासाठी तुरटी घ्या. अंघोळीनंतर ओल्या काखेत फिरवायची. तिला वास नसतो, आणि घामाला वास आणणारे जंतू तिच्यामुळे आटोक्यात राहतात. नुकतेच केस काढले असतील तर त्या दिवशी लावू नका, चुरचुरते.

डांबरगोळ्यांच्या कपाटातला युनिफॉर्म घालून बाळांजवळ जाणं

हा प्रश्न नुसत्या वासाचा नाही. डांबरगोळ्यांतलं नॅप्थलीन कपड्यात उतरतं. ज्या बाळाला जी-सिक्स-पीडी एन्झाइमची कमतरता आहे, त्याच्या तांबड्या पेशी त्यानं फुटू शकतात आणि कावीळ वाढू शकते. कमतरता आहे की नाही हे पहिल्या दिवशी आपल्याला माहीत नसतं. बाळंतिणीच्या घरच्यांनाही सांगा: पेटीत डांबरगोळ्या घालून ठेवलेली दुपटी बाळाला गुंडाळू नका. शिवाय नवजात बाळ काही दिवसांतच आईला वासानं ओळखायला लागतं. त्याला सतत हाताळणाऱ्या आपण बिनवासाच्याच असायला हव्यात.

लेबलवर विसंबणं, हाताला काहीही लावणं

'अनसेंटेड' लिहिलेल्या वस्तूतही मूळ वास झाकायला सुगंध घातलेला असू शकतो. 'फ्रॅग्रन्स-फ्री' बघा, आणि घटकांच्या यादीत 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' नाही ना, तेही वाचा. हात धुऊन धुऊन भेगा पडतात, तेव्हा क्रीम लागतंच. पण तेलकट क्रीमनं लॅटेक्सचे ग्लोव्हज कमजोर होतात. पेट्रोलियम जेली रात्री घरी लावा. सुगंधी टाल्कम ड्रेसिंगच्या वेळी कॉलरमधून झडतं, त्यामुळे तेही नको.

गजरा श्रावणी शुक्रवारीसुद्धा ड्युटीनंतरच. फुलाच्या पाकळ्या ड्रेसिंग ट्रॉलीवर पडलेल्या मी पाहिल्या आहेत.

सहकारी सिस्टरला पेशंटसमोर बोलणं

तसं केलंत तर ती दुखावते आणि सेंट तसाच राहतो. चेंजिंग रूममध्ये, दोघीच असताना, "अगं, पाच नंबरच्या काकूंना वास सोसत नाहीये" एवढं म्हटलं तरी पुरतं. इन्चार्ज असाल तर पहिल्याच दिवशी सगळ्यांना एकदम सांगा, म्हणजे ते कुणा एकीवर येत नाही.

आणि आज लावून आलोच असू तर?

त्यावर सॅनिटायझर चोळू नका, वास जात नाही, उलट दोन वास होतात. साबण-पाण्यानं मान, मनगटं, कानामागचा भाग धुवा. सेंट कपड्यावर मारला असेल तर धुऊन उपयोग नाही, युनिफॉर्मच बदला. लॉकरमध्ये एक जादा जोड त्यासाठीच असू द्या. तोही नसेल तर इन्चार्जला स्पष्ट सांगून त्या पाळीपुरते दम्याचे, केमोचे आणि बाळंतिणींचे बेड दुसऱ्या सिस्टरकडे द्या.